जवळच्या मालाचा भाव

स्थानिक माल घ्या, आपल्याच जिल्ह्यात पर्यटन करा, असे आवाहन आज सर्वत्र ऐकू येते. ऐकायला ते गोड आहे. परंतु जवळचा माल पुष्कळदा महाग पडतो. हे अधिकचे पैसे कोणी द्यायचे, आणि ते खरोखर कोणाच्या हाती पडतात? संपत्ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली, या दोन्हींचा हिशेब परलोकात द्यावा लागणार आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. म्हणून हा प्रश्न केवळ बाजाराचा राहत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूरचा माल वापरणे शरीअतमध्ये निषिद्ध नाही. प्रेषितांना (स.) येमेनचे पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र विशेष आवडत असे, शामी जुब्बाही त्यांनी परिधान केल्याची नोंद हदीसमध्ये आहे. कुरैशांच्या हिवाळी व उन्हाळी व्यापारी सफरींचा उल्लेख तर कुरआनात अल्लाहची कृपा म्हणून आला आहे. तेव्हा स्वदेशी माल न घेणाऱ्याच्या निष्ठेवर बोट ठेवणे ही अतिशयोक्ती होय. आपल्या लोकांवर प्रेम करणे हा पक्षपात नव्हे, अन्यायात त्यांना साथ देणे हा पक्षपात, हा भेदही प्रेषितांनीच (स.) शिकवला आहे.

तरीही जवळच्याचा हक्क आहेच. हजरत मुआज (रजि.) यांना येमेनला पाठवताना तेथील श्रीमंतांकडून जकात घेऊन तेथील गरिबांना देण्याचा आदेश झाला, आणि त्यावरूनच जकात आधी आपल्या वस्तीत वाटावी असे बहुतेक फुकहांनी म्हटले. सूरह अन्-निसा (४:३६) मध्ये जवळच्या आणि दूरच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तनाची आज्ञा आहे. हा शेजारी मुस्लिमच असावा, अशी अट नाही. प्रेषितांनी (स.) घरच्यांसाठी जव घेतले ते मदीनेतील एका यहुदीकडून, आपले चिलखत गहाण ठेवून.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यामागे येथील कापसाचे आकर्षण होते. पुढे आगगाडी आली, गाठी मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागल्या आणि तेथील गिरण्यांचे कापड येथे विकले जाऊ लागले. अकोट-बाळापूरच्या सतरंज्या व बाळापूरच्या पगड्या एके काळी नावाजलेल्या होत्या. त्या विणणाऱ्यांचे हात कोणी बांधले नव्हते. गिऱ्हाईक स्वस्ताकडे वळले, एवढेच झाले. पांढरे सोने पिकवणाऱ्या मुलखात आजही कापूस बाहेर जातो आणि कापड बाहेरून येते. मौलाना हसरत मोहानी यांनी अलीगढला स्वदेशी कापडाचे दुकान थाटले, ते हीच साखळी तोडण्यासाठी. कवी आणि आलिम असा माणूस कापडाचे गठ्ठे घेऊन बसला, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

कापडापेक्षा अवघड गोष्ट पर्यटनाची. पावसाळ्यात आपली कुटुंबे चिखलदऱ्याला जातात. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे ठिकाण. जवळच बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली बांधलेला गाविलगड. पृथ्वीवर संचार करून निर्मितीचे निरीक्षण करा, असे कुरआन (२९:२०) सांगतो, तेव्हा असा प्रवास व्यर्थ नाही. परंतु तेथे आपण करतो काय? हॉटेलचे छापील बिल मुकाट्याने भरतो, आणि टोपलीत रानमेवा घेऊन बसलेल्या कोरकू बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनवासीयांना मापात खोट करू नका, एवढेच सांगितले नव्हते, लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका, असेही बजावले होते (७:८५). मापात खोट विकणारा करतो. गरजवंताची अडचण ओळखून मोल घटवणारा मात्र बहुधा घेणाराच असतो. हे पाप आपल्याला पाप वाटतच नाही.

आणखी एक खर्च आपल्या खिशातून जातच नाही. चिखलदऱ्यावर पाऊस धो-धो पडतो, तरी उन्हाळ्यात तेथे पाण्याची टंचाई असते. हॉटेलची टाकी भरते ती त्याच पाण्यातून. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे तेथील काही गावे उठवून अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूला वसवली गेली, आणि त्यांतील काही कुटुंबे मैदानात जीव न रमल्याने पुन्हा जंगलात परतली होती. वाघ जगला पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ज्या रानात आपण सफारीला जातो, त्याची किंमत आपल्याआधी त्यांनी चुकवलेली आहे. मग तेथे मुक्काम करायचा तर स्थानिक माणसाच्या घरगुती निवासात करावा, वाटाड्या गावचा घ्यावा, आणि बाटल्या-पिशव्या परत आणाव्यात. रस्त्यावरून घाण दूर करण्याला प्रेषितांनी (स.) ईमानची शाखा म्हटले आहे, घाटात बाटली भिरकावणाऱ्याने आपले स्थान स्वतःच ठरवावे.

यावर रोजंदारीवर घर चालवणारा भाऊ म्हणेल, मला स्वस्तच परवडते. त्याचे म्हणणे रास्त आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे भार टाकत नाही. मुलांच्या तोंडचा घास काढून महागडी चादर घेणे ही नेकी नव्हे. हा भार आहे तो ज्यांच्या लग्नांत शेकडो पाने उठतात त्यांच्यावर. त्यांनी कापड परराज्यातून मागवावे आणि गरिबाला स्वदेशीचा उपदेश करावा, हे शोभत नाही.

विकणाऱ्यांनीही ऐकावे. मेळघाटचा मध म्हणून साखरेचा पाक विकणे, किंवा यंत्रावरची सतरंजी हातमागाची म्हणून खपवणे, ही सरळ फसवणूक आहे, आणि फसवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आपल्यापैकी मानलेले नाही. आपुलकीपोटी कोणी दोन पैसे जास्त देतो, तेव्हा त्याची फसवणूक अधिकच वाईट.

या अधिकच्या पैशांसंबंधी एक प्रश्न हमखास विचारला जातो: विणकर गरीब आहे, मग त्याला जास्त दिलेला भाव जकातीत धरावा का? धरता येणार नाही. जकात मोबदल्याविना द्यायची असते, आणि येथे तर सतरंजी आपल्या घरी आलेली असते. तिचा रास्त भाव आधी चुकता करावा, जकात त्याला वेगळी द्यावी.