तितिक्षा आणि बालकाची वेदना

तितिक्षा हा थोर सद्गुण आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला त्या शब्दाचा अर्थ कळण्याचेही वय झालेले नाही, त्या बालकाचे हातपाय चौघांनी दाबून धरून, टाके घालताना ती त्याच्याकडून बळाने वसूल करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न धर्मचिंतन करणाऱ्याने टाळू नये.

परतूर तालुक्यातील वाटूरसारख्या गावी विळ्याने किंवा पत्र्याच्या धारेने पोराचे कपाळ फाटणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, आणि अशा वेळी ‘एवढे सोसायलाच हवे’ असे म्हणणारे वडीलधारेही सर्वत्र भेटतात. याच जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी जन्मदुःखापासून त्रिविध तापांपर्यंत देहाच्या यातनांचे सविस्तर निरूपण केले. पण ते विचारक्षम श्रोत्याच्या ठायी वैराग्य उपजावे म्हणून, अजाण जिवाला दुःख देण्याची मुभा मिळावी म्हणून नव्हे. वेदना निवारणे ही परकीय शिकवण आहे, असेही कोणी मानू नये. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास मद्य पाजण्याची तजवीज सुश्रुताने सांगून ठेवली आहे. आणि वाटूर ज्या निजामी मुलखात होते, त्याच्या राजधानीत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले, ज्यांतील दुसऱ्याचा खर्च खुद्द निजामाने दिला. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि रोग्याची वेदना निर्धोकपणे कशी हरावी हा दौलतीच्या खजिन्याने चिंता वाहावी असा विषय आहे, ही जाणीव टिकण्याजोगी होती.

‘लहान आहे, विसरून जाईल’ हा युक्तिवाद ‘एवढे सोसायलाच हवे’ याहून अधिक फसवा आहे. नवजातास वेदना पुरती जाणवतच नाही, अशा समजुतीने कित्येक अर्भकांवर अपुऱ्या भुलेत शस्त्रक्रिया होत असत. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी हिकी यांनी १९८७ साली पुरावा मांडून त्या समजुतीचा पाया उखडला. पुढे १९९७ साली टोरांटोच्या संशोधकांना असे आढळले की, बधिरतेच्या मलमाविना ज्यांची सुंता झाली, ती मुले काही महिन्यांनी लस टोचताना मलम लावलेल्या मुलांहून अधिक कळवळली. जे स्मृतीला सांगता येत नाही, तेही देह जपून ठेवतो.

आज लिग्नोकेन, ॲड्रेनलिन आणि टेट्राकेन यांचे मिश्रण कापसाच्या बोळ्याने थेट जखमेवर ठेवता येते. वीस ते तीस मिनिटांत भोवतालची त्वचा फिकट पडते, आणि चेहऱ्यावरील वा डोक्यावरील लहान जखम पुष्कळदा सुई न टोचता बधिर होते. मात्रा वजनावरून ठरवावी लागते, ओठांच्या आतील ओलसर त्वचेपासून औषध दूर ठेवावे लागते, आणि कोठे ते वापरू नये याचा फैसला वैद्याचाच. कोकेन असलेल्या जुन्या मिश्रणाने क्वचित आकडी व मृत्यूही ओढवले, म्हणून ते मागे पडले. नव्या उपायाची मुख्य किंमत अर्धा तास धीर धरणे ही आहे. आणि तो धीर मोठ्यांनी धरावयाचा आहे.

तेव्हा तितिक्षा खरोखर कोणाची कसोटी पाहते, हे स्पष्ट होते. ‘त्याचे प्रारब्ध’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानी घ्यावे की कर्मसिद्धांत मनुष्याला स्वतःचे दुःख समजून घेण्यासाठी दिलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची ती सनद नव्हे. जे दुःख टाळता येत नाही, ते मुलाला कुशीत घेऊन त्याच्यासह सोसावे. जे टाळता येते, ते न टाळल्यास त्याचा हिशेब बालकाच्या पूर्वकर्माच्या खाती नव्हे, आपल्याच खाती मांडला जाईल. म्हणून आईबापांनी निःसंकोच विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, आधी जखम बधिर करता येईल का?’ आणि गर्दीच्या दवाखान्यातही त्या प्रश्नाला वेळ देणे हा धर्माचरणाचाच भाग मानावा.