मागची बाजू वाचा

पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूवरचा वाफाळता पुलाव आणि हिरवेगार मटार तुम्ही दुकानात डोळे भरून बघितलेत. मला मागचा बारीक अक्षरातला चौकोन हवा आहे. तुंगार्लीतल्या तुम्हा सगळ्यांना मी विज्ञान शिकवलं. कर्बोदके, प्रथिने, क्षार, सगळं घोकून तुम्ही मार्क मिळवलेत. आज तुमची मुलं डब्यात आठवड्यातून चार दिवस तयार मसालेभात आणतात, आणि मी विचारलं तर तुम्ही सांगता, "बाई, भाज्या असतात त्यात. पोटभरीचं असतं."

कुठे आहेत भाज्या? बोट ठेवून दाखवा. जो घटक वजनानं सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमानं बाकीचे, असं छापायचा नियम आहे. पहिला तांदूळ येतो. मग मीठ, तेल, साखर, मसाले ही नावं कोणत्या क्रमानं येतात ते बघा, आणि भाजी त्यांच्या पुढे आहे की मागे, तेही. चित्रात भाजी मिरवली असेल, तर ती किती टक्के घातली हे लिहिणंही बंधनकारक आहे. तिथे २ टक्के लिहिलं असेल, तर १०० ग्रॅम मिश्रणात २ ग्रॅम वाळवलेली भाजी. पाण्यात फुगली तरी ती फार तर वीसेक ग्रॅम ताज्या भाजीची जागा घेईल, आणि त्यातलं क जीवनसत्त्व वाळवताना बरंचसं गेलेलं असेल. एवढ्यावर तुम्ही पोराला वेगळी भाजी करणं सोडून दिलंत?

आता मीठ. सोडियम हा शब्द ओळखीचा आहे ना? ४०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम मीठ, चहाचा एक सपाट चमचा. लहान मुलाला त्याहूनही कमी. समजा तुमच्या हातातल्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १,२०० मिलीग्रॅम लिहिलं आहे, आणि पोरानं २०० ग्रॅमच्या पाकिटातलं अर्धं खाल्लं. किती मीठ झालं? ३ ग्रॅम. एका डब्यात. वर लोणच्याची फोड तुम्ही घातलेलीच असते, आणि संध्याकाळी वेफर्स आहेतच. हे गणित सहावीतलं आहे. तुम्हाला येतं. तुम्ही केलं नाहीत, एवढंच.

त्याच चौकोनात रोजच्या गरजेच्या टक्केवारीचा एक रकाना असतो. तो दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी मांडलेला असतो. तुमच्या दुसरीतल्या मुलीचं जेवण तुम्ही त्या मापानं मोजता? आणि ही टक्केवारी पाकिटावरच्या 'एका वाढणी'ची असते. ती वाढणी किती ग्रॅमची धरली आहे, हे तुमच्यापैकी एकानंही बघितलेलं नाही. वाढणी लहान धरली की सगळे आकडे लहान दिसतात.

मी पाकिटाला विष म्हणत नाही. घटकांच्या यादीतले ६२७, ६३१ हे आकडे चव खुलवणाऱ्या पदार्थांचे आहेत, आणि त्यांना कायद्यानं परवानगी आहे. तुंगार्लीच्या वाटेनं राजमाचीला निघालेल्या पोरानं पाठपिशवीत एखादं पाकीट टाकलं, तर मी चकार शब्द काढणार नाही. माझा राग आहे तो रोजच्या डब्याबद्दल, वाढत्या वयाच्या मुलांबद्दल.

कारण त्या वयाला प्रथिनं लागतात. पाकिटावर १०० ग्रॅममागे ७-८ ग्रॅम प्रथिने वाचून तुम्ही समाधानी होता. अरे, ती नुसत्या तांदळाचीच आहेत! कोरड्या तांदळात तेवढी असतातच. कंपनीनं त्यात काय भर घातली? शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचं आमिनो आम्ल कमी पडतं. डाळीत ते भरपूर असतं, आणि डाळीत जे कमी असतं ते तांदूळ देतो. म्हणून आपल्याकडे वरणभात आणि खिचडी आहे. तुमच्या आज्यांनी हे रसायनशास्त्र वाचलं नव्हतं, तरी कुणाच्या ताटात नुसता भात वाढला नाही. तुम्ही वाचलंत आणि डाळ काढून टाकलीत.

आता सर्वांत जास्त ज्याचा संताप आला ते सांगते. तुमच्यातले कितीतरी जण मुलांना बजावून पाठवतात की शाळेतली खिचडी खाऊ नकोस, ती सरकारी आहे, हा डबा खा. त्या सरकारी खिचडीचं माप माहीत आहे? पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. मांडून बघा: १०० ग्रॅम तांदळाची सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम डाळीची चारेक. जुळले की नाही १२? पाकिटाला हा हिशेब लावा, आणि मग सांगा कुठलं जेवण हलक्या प्रतीचं.

आणि शाळेतला तांदूळ प्लास्टिकचा आहे, हा निरोप मोबाईलवर पुढे ढकलणारे तुम्हीच. त्यातले पाण्यावर तरंगणारे दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेलं असतं, आणि साध्या तांदळात ते दाणे १०० किलोला १ किलो या प्रमाणात घालतात. मुलींच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून दवाखान्यात रांगा लावता, आणि लोह घातलेला तांदूळ निवडून फेकता! कुणी पाठवलं कुणास ठाऊक अशा निरोपावर विश्वास ठेवलात, आणि कायद्यानं छापायला लावलेला मजकूर मात्र वाचला नाहीत.

वेळ नाही म्हणता. शनिवार-रविवारी बंगल्यांवर पाहुणे असतात, पहाटेपासून राबावं लागतं, हे मला दिसतं. त्या पाहुण्यांसाठी तुम्ही इंद्रायणीचा भात, पिठलं, ताजी भाकरी करता. ते नावाजतात, पैसे देऊन जातात. त्याच स्वयंपाकघरात तुमच्या लेकराच्या वाट्याला पाकीट का? मूठभर मूगडाळ, दोन मुठी तांदूळ, चिरलेला दुधी नाहीतर गाजर, हळद, चिमूटभर गोडा मसाला, आणि कुकर. तुम्ही पाकीट फोडून पाणी उकळेपर्यंत फोडणी होते, आणि शिट्ट्या होईतो मुलगी आंघोळ करून येते. यात कष्ट कुठले?

कुठे राहता याचा तरी विचार करा. इंद्रायणी तांदूळ इथून काही कोसांवर, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून, १९८७ साली. मुंबई-पुण्याची माणसं गाडी थांबवून तो पोत्यानं नेतात. भात निघाल्यावर त्याच खाचरांत हरभरा आणि मसूर घेतात, परसात वाल-पावटा चढतो. पावट्याचा भात तुमच्या घरी शेवटचा कधी झाला? पाच मिनिटांत व्हावा म्हणून पाकिटातला जो तांदूळ आधीच शिजवून वाळवलेला असतो, तो पोटातही तसाच झटपट जिरतो आणि रक्तातली साखर चटकन चढवतो. मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटातही तो वाढता, म्हणून सांगते आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांच्या आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. खाद्यपदार्थावरचं लेबल वाचा, हे त्यात वेगळं कलम आहे. देशाच्या शास्त्रज्ञांना हे लिहावं लागलं, कारण शिकलेली माणसंही वाचत नाहीत. माझ्या हाताखालून गेलेली माणसं त्यात असावीत, हे मला सहन होत नाही.

उद्यापासून मुलांना शाळेत जेवू द्या. खिचडीबद्दल शंका असेल तर दुपारी शाळेत जा आणि चव घेऊन बघा. भाजी कमी दिसली, डाळ पातळ वाटली, तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. तिथे पालकच बहुसंख्य असतात, आणि जेवणावर लक्ष ठेवणं हे तिचं काम आहे. मागच्या बैठकीला तुमच्यापैकी कोण कोण हजर होतं? हात वर करा.