नेम धरावा, फळ सोडावे

फळाची आशा धरू नये, तर धनुर्धराने नेम तरी का धरावा? अकोल्यात आमच्या गीतावाचनात हा प्रश्न नेहमी निघतो. मला उत्तर सापडते ते तिरंदाजीच्या मैदानावर. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला उतरला. ७० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२ सेंटिमीटरचे! दोरी हनुवटीला टेकते, श्वास थांबतो, बोटे सैल होतात. तिथवर सारे आपल्या हाती. पुढचा वारा आपला नव्हे. मिश्र सांघिक लढतीत प्रवीण आणि दीपिका कुमारी कोरियाकडून हरले, म्हणून त्यांची साधना वाया गेली नाही.

‘वॉर ऑफ द ॲरोज’ या २०११ च्या कोरियन चित्रपटातला नायक १६३६ च्या मांचू स्वारीत पळवलेल्या बहिणीसाठी धनुष्य उचलतो. तिची ओढच त्याचा हात स्थिर ठेवते. श्रीकृष्णानेही अर्जुनाला बेफिकिरीने बाण सोडायला सांगितले नव्हते. नेम हा कर्माचाच भाग आहे. तो जीव ओतून धरावा आणि यशाचा हक्क सांगू नये, हीच मला निष्कामता वाटते.