दोन टोल्या

आमच्या गावच्या देवळात कापणीच्या सणाला लिलाव व्हायचा. नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. मेजासमोर ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, गुळाची ढेप असं मांडलेलं असे आणि उपासना संपली की पंचांपैकी एक जण एकेक वस्तू उचलून बोली पुकारी. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका म्हाताऱ्या शेतमजूर बाईनं लुगड्याच्या पदरात गुंडाळून एकच अंडं आणलं होतं. पंचानं ते दोन बोटांत धरून उंच केलं. मुंबईला नोकरी करणाऱ्या एकानं दहा रुपयांना ते घेतलं, पैसे मोजले, अंडं परत मेजावर ठेवलं आणि म्हणाला, "पुन्हा पुकारा." ते अंडं पाचदा विकलं गेलं. शेवटी कुणाच्या घरी गेलं ते आठवत नाही. एरवी दाराजवळ खाली मान घालून बसणारी ती बाई मात्र उभी राहून प्रत्येक बोली ऐकत होती, हे आठवतं.

पुढं ख्रिस्ती दानधर्माबद्दल पुष्कळ वाचलं, ऐकलं, पण माझा विचार त्या अंड्यापाशीच येऊन थांबतो. गरिबाला द्यावं, हे आपण सारेच मानतो. गरिबाच्या हातून घ्यावं, त्यालाही देणारा होऊ द्यावं, हे क्वचितच कुणी बोलतं. माणसाला कायमचं घेणाऱ्याच्या जागी बसवून ठेवणं हा मला त्याचा मोठा अपमान वाटतो, मग देणाऱ्याच्या मनात कितीही दया असो.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्यांसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. यहुदी परंपरा सांगते की तिथं तुतारीच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या. धनवान पुष्कळ टाकतात. एक गरीब विधवा दोन टोल्या टाकते. टोली म्हणजे तांब्याचं सगळ्यांत हलकं नाणं. मजुराला दिवसाला एक दिनार मिळे आणि तिच्या दोन टोल्या म्हणजे त्याचा चौसष्टावा हिस्सा. येशूच्या हिशेबी मात्र तिचं दान सर्वांत मोठं ठरतं, कारण इतरांनी उरल्यातलं दिलं आणि तिनं पोटाचं दिलं. किती दिलं यापेक्षा देऊन झाल्यावर हाती काय उरलं, हे तो मोजतो.

हा उतारा अर्पणाच्या रविवारी हमखास वाचला जातो. त्याच्या मागचं-पुढचं मात्र फारसं वाचलं जात नाही. जरा आधीच येशू विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडलेला आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं सांगतो. म्हणून काही अभ्यासकांना इथं कौतुकापेक्षा हळहळ ऐकू येते. जिला सांभाळायचं, तिच्याच हातच्या शेवटच्या टोल्या मंदिर घेत होतं. मला दोन्ही अर्थ खरे वाटतात. त्या बाईचं देणं थोर होतं, आणि घेणाऱ्यांना ते घ्यायचा अधिकार उरला नव्हता. आजही एखादा उपदेशक दशांश दिलास तर शंभरपट परत मिळेल असं सांगून कर्जात बुडालेल्या माणसाचा खिसा रिकामा करतो, तेव्हा तो त्या शास्त्र्यांच्याच रांगेत बसलेला असतो. असं ऐकलं की मला संताप येतो.

मग गरिबाचं घ्यावं तरी कसं? याचं उत्तर मला प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सापडलं. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो मंडळ्या-मंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच दारिद्र्यात होत्या, तरी आम्हालाही यात वाटा उचलू द्या म्हणून त्यांनीच आर्जवं केली. पौल नाही म्हणत नाही. पण करिंथकरांना तो बजावतो की जवळ असेल त्या मानानं द्या. दुसऱ्याची सोय करताना तुमच्या घरी ओढाताण होऊ नये. आज तुमची भर त्यांना, उद्या त्यांची तुम्हाला. एवढ्यावर तो थांबत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस पैशाबरोबर पाठवतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. गरिबाचा पैसा घेणाऱ्यानं हिशेब उघडा ठेवायलाच हवा, आणि तो गरिबालाही दिसायला हवा.

मिझोराममध्ये गरिबाचं असं देणं मुठीमुठीनं चालत आलं आहे. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी 1910च्या सुमारास बुहफाई थाम सुरू केलं. बुहफाई थाम म्हणजे मूठभर तांदूळ. आधण ठेवण्याआधी घरातली बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. साठलेला तांदूळ मंडळीत जमा होतो, विकला जातो आणि त्यातून सेवेचा खर्च निघतो. मूठ बंगल्यातली असो की झोपडीतली, आकार साधारण सारखाच. आपल्याकडंही दारी येणाऱ्यासाठी मूठपसा काढून ठेवणाऱ्या बायका होत्याच. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आमचा मराठी ख्रिस्ती समाज वेगळ्या वाटेनं वाढला. अमेरिकन मिशन 1831 साली नगरला आलं. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार यांसाठी लागणारा पैसा बराचसा समुद्रापलीकडून येई. त्या पैशानं आमच्या आज्या-पणज्यांच्या हाती पाटी आली, हे ऋण मी कधी नाकारणार नाही. पण पैशाची वाट एकाच दिशेची राहिली की तिच्या या टोकाला उभं राहणाऱ्याचा कणा वाकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ते सलत होतं. त्यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. घरात सुबत्ता होती म्हणून सोडला असं मुळीच नाही. दोनच वर्षांनी ते गेले.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू गुपचूप द्यायला सांगतो. आमच्या देवळात आता प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे. दर शनिवारी देऊळ झाडून काढणाऱ्या बाईचं नाव कुठंच नाही, आणि तिचं देणं मला त्या सगळ्या पंख्यांहून मोठं वाटतं.

गेल्या वर्षी कापणीच्या सणाला गेलो होतो. लिलाव अजून होतो. पण लिलावात ठेवायची वस्तू निदान शंभर रुपयांची हवी, असं फळ्यावर लिहिलं होतं. वेळ वाचतो, पंच म्हणाले. मेजावर डिनर सेट होता, मिक्सर होता, सुक्या मेव्याचे डबे होते. दाराजवळच्या बाकावरून कुणी उठलं नाही. मी पंचांना लेखी अर्ज दिला आहे: पुढच्या कापणीला ती अट काढा, आणि कुणी अंडं आणलं तर पहिली बोली त्याचीच पुकारा.