भूतदया आणि पाठपुरावा

ज्येष्ठी पौर्णिमा जवळ आली म्हणजे आपल्या पिरनवाडीच्या पंचक्रोशीत कारहुणवीची लगबग सुरू होते. बैलांना न्हाऊमाखू घालतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल चढवितात, पुरणपोळीचा घास भरवितात. ज्याच्या खांद्यावर वर्षभर घरचा संसार चालला, त्याच्यापुढे एक दिवस तरी माणूस हात जोडतो. घरोघरी ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या आहेत. तथापि ज्या उरल्या आहेत त्यांची पूजा आजही तितक्याच भक्तिभावाने होते, ही समाधानाची गोष्ट होय. या सणाच्या निमित्ताने आमच्या मनात बरीच वर्षे घोळत असलेला एक प्रश्न आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. दुःखी जीवाला एकदा मदत केली म्हणजे दयेचे कर्तव्य पुरे होते काय? की मदत केल्यानंतर पुन्हा पुन्हा मागे वळून पाहणे, हाही त्या दयेचाच भाग आहे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात एका शेतकरी बंधूच्या बैलाचा खांदा जुवाने सोलवटून सुजल्याचे आमच्या पाहण्यात आले. आम्ही चार मंडळींनी वर्गणी काढली, गुरांच्या डॉक्टरांना बोलाविले, औषध आणून दिले. पंधरा दिवस बैलाला जू लावू नये, असे डॉक्टरांनी बजावले. आपल्या हातून पुण्यकर्म घडले, अशा समाधानात आम्ही घरी परतलो. पुढे कारहुणवीच्या दिवशी तोच बैल नवी झूल पांघरून देवळापुढून मिरवत गेला. सहज म्हणून आम्ही झुलीची कड उचलली, तो खाली तीच जखम पूर्वीपेक्षा अधिक चिघळलेली! आमचा चेहरा पाहून मालक म्हणाला, ‘‘मास्तर, औषध तुमी दिलासा, लई बरं झालं. पण पंधरा दिस माझं रान कोण नांगरणार हुतं? ते कोण इचारलं न्हाई.’’

त्या वाक्याने आमची मान खाली गेली. त्याला बैलाची माया नव्हती, असे म्हणवत नाही. विश्रांती सांगणे सोपे होते. त्या विश्रांतीची किंमत कोणी द्यावयाची, हे कोणीच ठरविले नव्हते. शेजारच्या एखाद्या जोडीवाल्याने पैऱ्याने दोन दिवस नांगर दिला असता, तर तो खांदा भरला असता. आणि आठ दिवसांनी आम्हांपैकी एकजण जरी त्या गोठ्यात डोकावला असता, तरी ही अडचण वेळीच कळली असती. आम्ही औषध दिले, पण पाठपुरावा केला नाही.

संत एकनाथ महाराजांची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. काशीहून रामेश्वराकडे नेत असलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. भूतदयेचे याहून थोर उदाहरण दुसरे कोणते असणार? परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. तहान पाण्याने तत्काळ शमते. त्या दुःखाला एका कृतीने उतार पडतो. कामाच्या जनावराचे दुःख बहुधा तसे नसते. जू खडबडीत असेल, जोडीतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असेल, गाडीचा भार पुढे झुकलेला असेल किंवा ओल्या खांद्यावर जू ठेवले जात असेल, तर आज बरा झालेला खांदा उद्या पुन्हा सोलवटतो. तशीच हयगय होत राहिली की खांदेसूज जाऊन गाठ बनते. तिलाच शेतकरी आवाळू म्हणतात. जे दुःख रोज सकाळी जुवाबरोबर नव्याने खांद्यावर येते, त्यावरची दया एका दिवसाची असून कशी भागेल?

यावर कोणी धर्मशील वाचक आक्षेप घेईल की, गीतेने तर फळाची आसक्ती सोडून कर्म करण्यास सांगितले आहे. औषध देणे हे आपले कर्म. जखम बरी होणे न होणे हे ईश्वराधीन. मग ‘झाले काय?’ म्हणून वरचेवर विचारणे, ही फलासक्तीच नव्हे काय? आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, आणि खरे सांगावयाचे तर त्या चैत्रात आम्हीही मनाची अशीच समजूत घातली होती. परंतु अठराव्या अध्यायातील कर्त्याची लक्षणे पाहावीत. सात्त्विक कर्ता आसक्तिरहित तर असतोच, पण त्याबरोबर धृती आणि उत्साह यांनी युक्त असतो. आणि तामस कर्त्याच्या दोषांत दीर्घसूत्रीपणा, म्हणजे हाती घेतलेले काम रेंगाळत ठेवणे, स्पष्ट सांगितलेला आहे. फळ सोडावयाचे ते आपल्या वाट्याचे: लोकांनी वाखाणावे, नाव छापून यावे, पुण्य गाठी पडावे. बैलाचा खांदा भरणे हे आपले फळ नव्हेच. ते बैलाचे आहे. ते सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? किंबहुना, औषध दिल्याबरोबर समाधान मानून घरी जाणाऱ्यानेच आपले फळ पदरात पाडून घेतलेले असते. पुन्हा गोठ्यात जाऊन पाहणाऱ्याला अपयश दिसण्याची शक्यता असते. म्हणून त्याचे कर्म अधिक निष्काम म्हटले पाहिजे.

जगात जेथे जेथे हे कार्य टिकले, तेथे दयेला अशी स्थिर बैठक लाभलेली दिसते. मुंबईत प्राण्यांच्या क्रूरतेला आळा घालण्यासाठी १८७४ साली संस्था निघाली आणि परळ येथे पेटिट घराण्याच्या दानातून जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. मुंबईकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणू लागले. कष्टाच्या जनावरांची आठवण त्या नावातच आहे. तिकडे इजिप्तमध्ये पहिल्या महायुद्धानंतर विकले गेलेले लष्करी घोडे कैरोच्या रस्त्यांवर मरणप्राय कष्ट करीत असलेले डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी पाहिले. १९३१ साली वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांनी मदत मिळविली आणि हजारो घोडे विकत घेऊन त्यांची यातनांतून सुटका केली. तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी जगाने त्यांना धन्यवादच दिले असते. परंतु गरीब मालकांच्या जनावरांचे हाल चालूच राहणार, हे ओळखून १९३४ साली त्यांनी कैरोमध्ये कायमचे रुग्णालय स्थापिले.

त्याच परंपरेतील संस्थेच्या भारतातील अनुभवावर आधारलेले ‘शेअरिंग द लोड’ हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यातील पद्धत आपल्यासारख्या गावांना सहज उमगण्याजोगी आहे. जनावरांचे मालक एकत्र जमून गावातून फेरी काढतात, एकमेकांची जनावरे पाहतात आणि तक्त्यावर प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा वा लाल ठिपका देतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो तक्ता वाचता येतो. मग काय करावयाचे, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत, आणि झाले की नाही हे कोणी पाहावयाचे, ते सर्वांसमक्ष ठरते. काही काळाने पुन्हा फेरी निघते. लाल ठिपका हिरवा झाला की तसाच राहिला, हे जनावराच्या अंगावरूनच कळते. ‘औषध वाटले’ ही नोंद तेथे पुरेशी मानीत नाहीत. ‘खांदा भरला’ ही नोंद व्हावी लागते.

अर्थात, या पद्धतीत एक धोकाही आहे. नोंदवही म्हणजे दुसऱ्याच्या उण्यादुण्यांची यादी, अशी कोणाची समजूत झाली, तर गरीब गाडीवान आपले जनावर लपवू लागेल आणि दयेची जागा पहारा घेईल. आपल्या निपाणी-संकेश्वर बाजूस गळीत हंगामात उसाच्या गाड्या ओढणाऱ्यांकडे पाहावे. उचल फेडण्याच्या काळजीने जो स्वतः पहाटेपासून राबतो, त्याला ‘बैलाला विश्रांती दे’ म्हणून नुसते दटावणे, हा दयेचा कोणता प्रकार? शिवाय हंगाम संपला की यांतील बहुतेक गाड्या दूरच्या गावी परत जातात आणि उपचार अर्धवट राहतात. म्हणून केलेल्या उपचाराची चिठ्ठी गाडीवानाच्या हाती देणे आणि पुढे कोणाला दाखवावे हे त्याला समजावून सांगणे, हेही पाठपुराव्यातच येते. आमच्या मते त्या वहीत मालकाचे अपराध नव्हेत, तर आपण सर्वांनी दिलेली वचने लिहावीत: नांगर कोण देणार, जू कोण तासून देणार, डॉक्टरांकडे कोण जाणार. काम राहिले, तर ज्याने शब्द दिला त्याला प्रथम विचारावे. आणि विचारणाऱ्यांत स्वतः मालकही असावा.

कायद्याचे साहाय्य आहेच. १९६० च्या कायद्यान्वये झालेल्या १९६५ च्या नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराकडून दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. उष्णतामान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास जुंपता येत नाही. परंतु वैशाखातील भर दुपारी शेताच्या वाटेवर घड्याळ लावून कोणता अधिकारी उभा राहणार? तेथे शेजाऱ्याचा शब्दच कामी येतो, आणि तोही त्या शेजाऱ्याने कधी आपला बैल पैऱ्याने दिलेला असेल तरच.

आपल्या घरांतील माताभगिनींना हे नव्याने सांगावयास नको. व्रत धरले म्हणजे संकल्प होतो. पण उद्यापन होईपर्यंत ते व्रत पुरे झाले असे कोणी मानीत नाही. मधल्या दिवसांचे नेम पाळण्यातच व्रताचे सारे तेज असते. भूतदयेचेही तसेच आहे. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, देवळात उत्सवाच्या हिशेबाची वही असते, तिच्याशेजारी गावातील कामाच्या जनावरांची एक साधी वही ठेवावी. जनावर कोणते, दुखणे काय, कोणी काय करण्याचे पत्करले, पुन्हा केव्हा पाहावयाचे आणि पाहिले तेव्हा काय आढळले, एवढी पाच घरे तीत पुरेत. दर पौर्णिमेस आरतीनंतर ती वाचावी. जे साधले नाही तेही तसेच लिहावे. ते खोडू नये.

आमच्या त्या चुकीची भरपाई आम्ही कितीशी केली, असे कोणी विचारील. मालकाच्या त्या उत्तरानंतर दुसऱ्याच दिवशी शेजारची जोडी त्याच्या रानात गेली, जू तासून घेतले, आणि आम्ही आळीपाळीने त्या गोठ्यात जात राहिलो. खांदा भरण्यास श्रावण उजाडला. बैलाने तोवर जे सोसले ते परत घेता आले नाही, याची आठवण आम्ही जवळ ठेविली आहे. येत्या कारहुणवीस बैलाच्या कपाळी गंध लावण्यापूर्वी प्रत्येकाने झुलीची कड उचलून एकदा खांदा पाहावा, आणि पुढच्या पौर्णिमेस तो पुन्हा पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.