काठ, पाणी आणि पाहणारा

उज्जैनच्या यात्रेला कॅमेरा न्यायचा ठरला की निवड बहुधा दोन जातींत होते. एक मिररलेस: मोठा सेन्सर, बदलता येणाऱ्या लेन्स, अंधारात आणि दुरूनही स्वच्छ चित्र देणारा. दुसरा पाणी न शिरणारा दणकट कॉम्पॅक्ट: खिशात मावणारा, पडला-भिजला तरी चालणारा, चित्राच्या दर्जात मात्र मागे पडणारा. एरवी हा प्रश्न पैशांचा आणि सोयीचा असतो. क्षिप्रा नदीच्या घाटावर त्याला वेगळेच वळण लागते, कारण यातला एक कॅमेरा काठावर थांबतो आणि दुसरा स्नान करणाऱ्याबरोबर पाण्यात उतरतो. पाहणाऱ्याने कुठे उभे राहावे आणि पाहणे हे यात्रेचे अंग आहे की यात्रेतून अंग काढून घेणे, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी आपल्या दर्शनशास्त्रांनी विचारलेला आहे.

आधी यंत्रांकडे पाहू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, प्रकाश मागे जातो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार येतो. जो क्षण चित्रात उतरतो, नेमका तोच टिपणाऱ्याला दिसलेला नसतो. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ २००८ साली आला आणि तेव्हापासून ही रचना रुळत गेली. तिच्यात प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, आणि डोळ्याला दिसते ते सेन्सरने तयार केलेले चित्र. कॅमेरा हलका झाला, इलेक्ट्रॉनिक शटरमुळे आवाजही गेला. पण आरतीच्या ज्योतीचा उजेड डोळ्यापर्यंत येईनासा झाला. येते ती छोट्या पडद्यावरची ज्योत. कॉम्पॅक्टमध्येही हेच घडते, फक्त पडदा पाठीवर असतो.

दर्जातला फरक मुख्यतः सेन्सरच्या आकाराचा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, तर ओएम सिस्टिमच्या टीजी-७ सारख्या दणकट कॉम्पॅक्टमधला साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ तिसांत एक. दिव्यांच्या उजेडात लहान सेन्सरचे चित्र दाणेदार होते, चेहरे सपाट दिसतात. उलट हा टीजी-७ पंधरा मीटर खोल पाण्यात आणि उणे दहा अंश थंडीत चालतो, सुमारे दोन मीटरवरून पडला तरी टिकतो, आणि वजनाला पाव किलोच्या आसपास भरतो. फुल-फ्रेम मिररलेस एका चांगल्या झूम लेन्ससह सव्वा-दीड किलोच्या घरात जातो. त्याच्यावर हवामानाला तोंड देणारे सील असले तरी ते शिंतोड्यांपुरते. त्याला पाण्यात बुडवता येत नाही.

उज्जैनमध्ये दोघांचीही परीक्षा घेणारे प्रसंग आहेत. श्रावण-भाद्रपदाच्या सोमवारी महाकालाची, म्हणजे उज्जैनच्या शिवाची, सवारी निघते, पालखी रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजन होते आणि सवारी परत फिरते. उत्तरेचा पौर्णिमान्त श्रावण आणि शिंदेशाहीबरोबर आलेला मराठी अमान्त श्रावण असे दोन्ही धरल्याने या सवाऱ्या भाद्रपदापर्यंत चालतात. दिवस भर पावसाचे असतात. गर्दीत कोपर लागून कॅमेरा हातून सुटणे ही नेहमीची गोष्ट, आणि गुलाल, राख, चिखल यांत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे. तिथे दणकट कॉम्पॅक्टला तोड नाही. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री मात्र महाकालाची सवारी दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधवलेल्या गोपाळ मंदिरात हरीच्या भेटीला जाते. त्या हरिहर भेटीला कार्तिकातले कोरडे आकाश आणि दिव्यांचा अपुरा उजेड असतो. तिथे मिररलेस जे टिपेल ते छोट्या सेन्सरला टिपता येणार नाही.

स्नानाच्या बाबतीत एक भ्रम दूर करायला हवा. पंधरा मीटरच्या क्षमतेचा क्षिप्रेत काही उपयोग नाही. घाटावरचे स्नान कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या पाण्यात होते, आणि गर्दीने ढवळलेल्या पाण्याखाली हातभरावरचेही दिसत नाही. पाण्यात न बिघडणारा कॅमेरा तिथे कामाला येतो तो वेगळ्याच कारणाने: तो बरोबर असताना डुबकी घेता येते. अंग भिजवायचे की यंत्र वाचवायचे, हा झगडाच उरत नाही. मिररलेसवाल्याला तो झगडा सोडवावाच लागतो आणि बहुतेक वेळा तो कोरडाच परत येतो.

इथून प्रश्न यंत्राचा राहत नाही. सांख्यांनी पुरुष साक्षी मानला, कर्तृत्व प्रकृतीकडे दिले. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. हे रूपक घाटाला लावण्याचा मोह होतो: काठावरचा मिररलेसवाला न खाणारा पक्षी, पाण्यातला कॉम्पॅक्टवाला खाणारा. ही जुळणी चुकीची आहे. लांब लेन्स लावून काठावर उभा असलेला माणूस साक्षी नसतो. कोणता साधू, कोणता उजेड, कोणता क्षण हे तो सतत निवडतो, हुकले की हळहळतो, मिळाले की सुखावतो. त्याला फळ हवे आहे. ते पाण्याचे नसून चित्राचे आहे, एवढेच. अंतर राखल्याने साक्षीभाव येत नाही. आणि पाण्यातला माणूस डुबकीच्या क्षणी पडद्याकडे पाहत असेल तर तो धड भोक्ताही नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातल्या त्या पुरुषाला उपद्रष्टा आणि भोक्ता ही दोन्ही नावे एकाच श्लोकात दिली आहेत. पाहणारा आणि भोगणारा यांना दोन ठिकाणी उभे करणे गीतेला मान्य दिसत नाही.

गीतेतच या प्रश्नाला अधिक उपयोगी अशी एक जोडी आहे. विश्वरूप पाहणारे दोघे: अर्जुन आणि संजय. अर्जुन प्रसंगाच्या मध्यभागी. त्याला कृष्णाने दिव्य दृष्टी दिली, आणि जे दिसले ते न सोसवून त्याने पुन्हा ओळखीचे रूप मागितले. संजयाला दृष्टी दिली व्यासांनी, धृतराष्ट्राला युद्धाची हकीकत सांगण्यासाठी. धृतराष्ट्रालाही ती देऊ केली होती, पण आप्तांचा संहार डोळ्यांनी पाहायला तो तयार नव्हता. एक जण स्वतःसाठी पाहत होता, दुसरा न पाहू शकणाऱ्यासाठी. आणि संजय नुसता राजवाड्यात बसून नव्हता. भीष्म पडल्याची वार्ता घेऊन तो रणभूमीवरून आला, असे भीष्मपर्वात आहे. शेवटी जे पाहिले ते आठवून आपल्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो, असेही तो सांगतो. दुसऱ्यासाठी पाहणारा कोरडा राहतो असे मुळीच नाही.

कॅमेऱ्याच्या निवडीची खरी कसोटी इथे सापडते. कुठे उभे राहायचे याच्या आधी कोणासाठी पाहायचे हे ठरवावे लागते. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारी आजी, परदेशातून येऊ न शकलेली लेक, किंवा पुढच्या पिढ्यांसाठी सवारीची, आखाड्यांची, घाटांची नोंद ठेवू पाहणारा अभ्यासक यांच्यासाठी पाहायचे असेल तर ते संजयाचे काम आहे आणि ते चोख व्हायला हवे. अस्पष्ट चेहरे आणि दाणेदार अंधार त्या कामाला शोभत नाहीत. तिथे मिररलेसचे वजन उचलणे हे कर्तव्यच. आपल्याच यात्रेची आठवण हवी असेल तर तेवढ्यासाठी डुबकी सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याला छोटा, दणकट कॅमेरा पुरतो. किंबहुना तो ज्याची काळजी करावी लागत नाही असा असणे हाच त्याचा मोठा गुण.

काळजीचा मुद्दा अपरिग्रहाशी जोडलेला आहे. योगसूत्रांतल्या यमांत अपरिग्रह पाचवा. व्यासभाष्यात त्याचे कारण व्यवहारी भाषेत येते: वस्तू मिळवण्यात, राखण्यात आणि गमावण्यात दोष दिसतो म्हणून ती न घेणे. लाखभराचा कॅमेरा गळ्यात असलेल्या माणसाचा एक हात रामघाटावर सतत त्या पट्ट्यावर असतो. वैशाखातल्या पंचक्रोशी यात्रेत, जिथे सुमारे ११८ किलोमीटर पायी चालायचे असते, तिथे हे ओझे खांद्याला आणि मनाला दोन्हीकडे जाणवते. बहुतेक कॅमेऱ्यांची पुस्तिका ज्या ४० अंशांपर्यंतच हमी देते तो पारा माळव्यातला वैशाख सहज ओलांडतो. मात्र दणकट कॅमेराही निश्चिंत राहण्याची फुकट परवानगी देत नाही. बॅटरीच्या झाकणाखाली एक बारीक रबरी कडा असते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत जाते. ओल्या हातांनी ते झाकण उघडू नये, स्नानानंतर कॅमेरा स्वच्छ पाण्यात बुडवून काढावा, पुसून मगच उघडावा. हे न करणाऱ्याचा न भिजणारा कॅमेराही भिजतो.

महाकालाच्या दाराशी दोन्ही कॅमेऱ्यांची बरोबरी होते. डिसेंबर २०२२ मध्ये मंदिरात मोबाइल न्यायलाही बंदी घातली गेली. ही बंदी गर्दीच्या व्यवस्थेची असली तरी तिच्यामागचे तत्त्व मंदिराच्या आचारात आधीपासून आहे. पहाटेच्या भस्मारतीत भस्म चढवले जात असताना स्त्रिया चेहऱ्यावर पदर ओढून घेतात. ही अट केवळ स्त्रियांनाच का, हा वाद रास्त आहे. पण समोर असूनही पाहायचे नाही असा एक क्षण परंपरेने मान्य केला आहे, ही गोष्ट मोलाची. कॅमेऱ्याला असा पदर नसतो. तो ओढण्याची जबाबदारी धरणाऱ्यावर येते. दर्शन दुहेरी असते, भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला, असे मानणाऱ्या परंपरेत डोळ्यापुढे यंत्र धरणे म्हणजे स्वतः पाहत राहून पाहिले जाण्याचे टाळणे. शिवाय हे स्थान महाकालाचे. सेकंदाचा हजारावा भाग पकडून ठेवण्याची इच्छा ज्याच्यापुढे घेऊन जायची, तो काळाचाच स्वामी, अंगाला राख लावलेला. तिथे ती इच्छा बाहेर ठेवून जाणेच रास्त आहे.

इथे ज्ञानेश्वरांच्या चांगदेव पासष्टीतला आरसा आठवतो. आरशात पाहिले म्हणून चेहरा दोन होत नाही आणि आरसा दूर केला म्हणून तो नाहीसाही होत नाही. पाहणाऱ्याचे असणे आरशावर टेकलेले नाही. चित्राबद्दलही हेच म्हणता येते. घडलेली यात्रा फोटो नसल्याने न घडलेली होत नाही. पुराव्याची भीती गेली की निवड सोपी होते, कारण मग कॅमेरा यात्रेची पावती म्हणून घ्यावा लागत नाही. कामासाठी घेता येतो.

एका प्रसंगात दोन्ही कॅमेरे खाली ठेवावे लागतात. ५ मे २०१६ रोजी उज्जैनच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात वादळी पाऊस झाला, मंडप कोसळले, माणसे दगावली. अशा वेळी हात मोकळा असलेल्या माणसाने आधी कापडाखाली अडकलेल्याला बाहेर काढायचे असते. पट्ट्याला लटकलेला दीड किलो आणि खिशातला पाव किलो यांतला फरक तिथे पुन्हा, वेगळ्या अर्थाने, महत्त्वाचा ठरतो.

पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी घाटावरची जुनी रीत या निवडीलाही लागू पडते. सगळे एकदम पाण्यात उतरत नाहीत; कपडे, चपला, पिशव्या सांभाळत एक जण पायरीवर बसतो, बाकीचे स्नान करून आले की त्याची पाळी येते. मिररलेस असेल तर तो पायरीवर बसलेल्याच्या हाती असावा, आणि त्याने तेवढा वेळ इतरांसाठी पाहावे. दणकट कॉम्पॅक्ट पाण्यात उतरणाऱ्याजवळ असावा, तोही डुबकी झाल्यावर काढण्यापुरता. पाळी बदलली की कॅमेरेही हात बदलतात. एकट्याने जाणाऱ्याला एकच घ्यायचा असेल तर त्याने दणकट कॉम्पॅक्ट घ्यावा; हरिहर भेटीसारखी रात्र टिपण्याचे काम त्याने अंगावर घेतले असेल, तरच मिररलेस.