डोळा कोणाचा?

मनुष्य कोठें बसावयाचें हें बहुधा जागा पाहून ठरवीत नाहीं. तेथें कोण बसलें आहे हें पाहून ठरवितो. आजचे तरुण एक समाजमाध्यम सोडून दुसऱ्याकडे कां वळतात, ह्याचा उलगडा करतांना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. वडील मंडळी म्हणतात कीं, तरुण चंचल असून त्यांस नावीन्याची हांव आहे. हें निदान सोपें आहे, पण पुरतें खरें नाहीं.

कोरेगांवचें उदाहरण घ्या. भीमेकाठचें नव्हे, साताऱ्याहून पंढरपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. अशा गांवीं पार असतो, तालीम असते. पारावर वडीलधारे बसत, म्हणून पोरें तालमीकडे वळत. पाराची सावली कांहीं तालमींत नव्हती. पण तेथें बापाचा डोळा नव्हता, आणि अठरा वर्षांच्या मुलास सावलीपेक्षां ह्याचीच गरज अधिक असते. आजहि तोच न्याय आहे. फेसबुक २००६ सालीं सर्वांस खुलें झालें, तेव्हां तें तरुणांचें होतें. पुढें तेथें काका आले, मामा आले, शाळेंतले गुरुजी आले, आणि मुलें हळूच उठून इन्स्टाग्रामवर गेलीं. व्हॉट्सॲप मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. कारण तो पार नव्हे, घरचा उंबरठा आहे. स्नॅपचॅटवर निरोप पाहिल्यावर नाहींसा होतो, हेंच त्याचें आकर्षण. ह्यांत नवल तें काय? आपल्या तरुणपणचें वेडेंवांकडें बोलणेंहि वाऱ्यावर विरून गेलें, हें आपलें भाग्यच नव्हे काय?

तेव्हां नजरेआड जाण्याची इच्छा ही पापाची इच्छा नव्हे. जो सदैव पहाऱ्याखालीं वाढला तो आज्ञाधारकपणा शिकेल. विवेक शिकेलच असें नाहीं.

परंतु निवडीची दुसरी बाजू इतकी निर्दोष नाहीं. कोण नसावें ह्याप्रमाणेंच आपण कोणांत दिसावें, हाहि विचार तींत असतो. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. शेताच्या बांधावर नाचणाऱ्या, दुकानाच्या फळीशीं उभें राहून नकला करणाऱ्या मुलामुलींस तेथें प्रेक्षक लाभला होता. आणि सुशिक्षित घरांतील मुलें त्यांस गांवढळ म्हणून हंसत होतीं. बंदीनंतर थोड्याच दिवसांत इन्स्टाग्रामनें रील्स भारतांत आणले, आणि हंसणारेच तशाच तालावर नाचूं लागले. म्हणजे तिटकारा नाचाचा नव्हता, नाचणाराच्या गांवाचा होता. आपण ज्यास अभिरुचि म्हणतों तींत केवढा मोठा भाग पंक्तिभेदाचा असतो, हें येथें उघड दिसतें. आणि हा धडा मुलांनीं आपल्याच घरीं गिरविलेला असतो.

आतां मुख्य प्रश्न. मुलगा पारावरून उठला, पण गेला कोठें? फेसबुकच्या कंपनीनें २०१२ सालीं इन्स्टाग्राम व २०१४ सालीं व्हॉट्सॲप विकत घेतलें. पार, तालीम आणि उंबरठा, तिहींचा धनी एकच! बापाच्या नजरेंतून सुटलेला मुलगा ह्या धन्याच्या नजरेंत राहतोच. बापाचा डोळा रागावे, पण कालांतरानें विसरे. तालमींतहि वस्तादाचा डोळा होता. पण पोराचें अंग भरावें हीच त्याची इच्छा. हा नवा डोळा रागावत नाहीं, आणि शिकवीतहि नाहीं. कोणत्या चित्रावर बोट किती वेळ थांबलें, एवढेंच तो टिपून ठेवितो. पोरगा कोणत्या वाटेनें जाईल ही बापाची काळजी. तो येथून उठूं नये ही ह्या धन्याची. म्हणून तरुणांस स्वातंत्र्य मिळालें असें म्हणण्यापेक्षां त्यांनीं पहारेकरी बदलला असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

मग बंदी घालावी काय? ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं सोळा वर्षांखालील मुलांस अशा माध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला. लहानांच्या बाबतींत त्याचा विचार अवश्य व्हावा. परंतु तालमीला कुलूप लावल्यानें पोरें पारावर येऊन बसत नाहींत, तीं माळावर जातात. शिवाय मोठ्या मुलांस उपदेश करणारा बाप जेवतांना स्वतः त्याच धन्याच्या ओसरीवर बसलेला असतो, ह्याचें काय?

आपल्या हातीं एकच गोष्ट आहे: आपली नजर ज्यापासून पळावेंसें वाटणार नाहीं अशी करणें. मुलाचा मोबाईल चोरून न पाहणें, त्याच्या आवडीस गांवढळ अथवा उथळ म्हणून न हिणविणें, आणि तो आपण होऊन सांगूं लागला तर हातांतलें यंत्र खालीं ठेवून ऐकणें. एवढें केल्यानेंहि मुलें पारावर येतीलच अशी हमी नाहीं. पण आपल्यावर माया करणारा डोळा कोणता व आपल्याला मोजणारा कोणता, हें ओळखण्याची संधि तरी त्यांस मिळेल. आणि ही ओळख ज्यास पटली त्यानें कोठेंहि बसावें, त्याची फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं.